साक्षगंधाची दुसरी कॅसेट

लग्नाच्या व्हिडिओत माणसांचं बोलणं कधी ऐकू येत नाही. वर गाणी घातलेली असतात. हळदीला एक, वरातीला दुसरं, पाठवणीला रडवणारं तिसरं. पण कॅमेऱ्याने ते बोलणं टिपलेलं असतं, आणि ते ऐकणारं माणूस जगात एकच, मिक्सिंग करणारं. अमरावतीच्या 'मिस्बाह डिजिटल'मध्ये गेली नऊ वर्षं ते दामिनी ऐकत होती.

पंगतीत नवरदेवाचा मामा नवरीच्या बापाला म्हणायचा, "डबल डोरचा ठरला होता ना फ्रीज? मंग हा कोणता?" मांडवाच्या खांबाशी दोन बाया नवरीच्या वयावर पैज लावायच्या. एखादी नवरी गाडीत बसता बसता आईच्या गळ्यात पडून म्हणायची, "माय, मले नको पाठवू वो," इतकं हळू की फक्त माइकलाच कळावं. दामिनी ते एकदा ऐकायची, आवाजाची पट्टी खाली ओढायची आणि वर गाणं टाकायची. त्यात तिला रागही नव्हता, दुःखही नव्हतं. वांगं चिरताना किडका भाग आपण काढून टाकतो, तसं.

ही दोन हजार सहाची गोष्ट. सलग चार-पाच वर्षं कपाशीनं दगा दिला होता आणि खेड्यापाड्यांतली लग्नं आखूड झाली होती. दोन कॅमेऱ्यांचा एक झाला, तीन तासांची कॅसेट तासाभरावर आली. दुकानाचे मालक इनायतुल्लाचाचा म्हणायचे, "अब शादी नहीं होती बेटा, शादी का ट्रेलर होता है."

दुपारी एक वाजता दामिनी कॉम्प्युटरला काम लावून द्यायची. तो दोन तास घरघरत बसायचा, तेवढ्या वेळात दुसरं काही करता येत नसे. मग डबे उघडायचे आणि फळीवरचा छोटा टीव्ही लावायचा. त्या वेळेला एका वाहिनीवर विलायती टेलिसिनेमे लागत, हिंदीत बोलणारे. गोऱ्या बाया घाबरल्या की "हे भगवान" म्हणायच्या. गोष्ट बहुतेक एकच. नोकरी करणारी बाई, कधी वकील, कधी नर्स, कधी कुठल्या कंपनीत साहेबीण. पस्तिशी जवळ आलेली, लग्न राहिलेलं. मग एक माणूस यायचा. नीट कपड्यांचा, नीट बोलण्याचा. लग्नाची तारीख ठरायची, केक निवडला जायचा, आणि जाहिराती लागायच्या आधी बरोबर बाईच्या हाताला त्याच्या टेबलाच्या खणात काहीतरी लागायचं.

बरोबर जेवायला अकीला असायची. ती वलगावहून यायची, अल्बमची पानं बनवायची. चाळिशीची, दोन पोरांची आई, जिभेची तिखट. टेलिसिनेमांचे तिने नियम काढले होते. "जो मर्द पहले बीस मिनट में बाई के घर का नल दुरुस्त करता है ना, वोइच निकलता है," ती म्हणायची. दुसरा नियम: "सांगायला येते ती मैत्रीण आधी मरते. तू मेरेको कुछ मत बताना बाई. मेरे बच्चे छोटे हैं."

दामिनी हसायची. पण त्या बायांचं तिला कुठंतरी पटायचंही. पगार स्वतःचा, घराची किल्ली स्वतःची, आणि तरी संध्याकाळी दार उघडून आत गेलं की बोलायला कोणी नाही. तिच्या घरात माणसं होती, भातकुलीला. बाप पंजाबराव, आई सत्यभामा, धाकटा भाऊ शिवम आणि त्याची बायको. पण तिच्याशी बोलायला कोणी होतं असं नाही. चोविसाव्या वर्षी तिचं लग्न 'यंदाचं पीक आलं की' होणार होतं. मग पुढच्या पिकाला. मग शिवमचं आधी उरकलं, कारण मुलीकडच्यांना घाई होती. तिसाव्या वर्षी तिला पाहायला येणारे पाहुणे कमी झाले, बत्तिसाव्या वर्षी थांबले. सत्यभामा तिच्या वयाचा विषय काढेनाशी झाली. दामिनीला ते जास्त झोंबलं.

तेहतिसाव्या वर्षी सहदेव आला. अकोल्याच्या पलीकडच्या एका गावचा, अकोल्यात बियाण्याच्या कंपनीत नोकरी, वय अडतीस, प्रथमवर म्हणून आलेला. घरी तो आणि आई माणिकबाई, दोघंच. पाहण्याच्या कार्यक्रमात सगळ्यांनी दामिनीला विचारलं ते नेहमीचंच. सहदेवने विचारलं, "तुम्ही मिक्सिंग करता म्हणजे नेमकं काय करता? मले समजून सांगा." नऊ वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. तिने समजावून सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं. त्याच्याकडेही एक हँडीकॅम होता, हौस म्हणून घेतलेला.

पंजाबराव आणि त्यांचे चुलतभाऊ रीतीप्रमाणे त्या गावी चौकशीला जाऊन आले. न्हाव्याला विचारलं, पानठेल्यावर विचारलं. "पोरगा चांगला हाये," एवढं पंजाबरावांनी घरी आल्यावर सांगितलं आणि पाय धुवायला न्हाणीत गेले.

मग रोज संध्याकाळी साडेआठला सहदेवचा फोन येऊ लागला. आज कोणती साडी होती? केस कसे बांधले होते? आत्ता हसून राहिली ना? आवाजावरून कळते मले. दामिनी मोबाइल घेऊन गच्चीवर जायची. आपण कोणती साडी नेसलो याची कोणाला पडलेली असते, या गोष्टीची तिला नशा चढली. एकदा ती म्हणाली निळी, आणि नेसलेली होती हिरवी. काहीच कारण नव्हतं, चुकून गेलं तोंडातून. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "काल खोटं काहून बोलली?" शिवमशी तो सहज बोलला होता म्हणे. तिने ते प्रेमात धरलं.

अकीलाला तिने हे सांगितलं तेव्हा अकीलाने डब्यातला घास खाली ठेवला. "नल दुरुस्त किया क्या उसने?"

"आमच्या घरी नळ नाही वो. बोअर हाये."

"मग ठीक है," अकीला म्हणाली.

साक्षगंध फेब्रुवारीत भातकुलीला झालं. अंगठी, साडी, कुंकू. शूटिंगला इनायतुल्लाचाचांनी आपला माणूस फुकट पाठवला. चुलत्यांनी माइक हातात घेऊन दोन्ही घराण्यांच्या सात पिढ्या सांगितल्या, तेवढ्यात कॅमेऱ्यातली कॅसेट संपली. बॅगेत दुसरी नव्हती. माणिकबाईंनी लगेच पोराच्या हँडीकॅमची पिशवी उघडली आणि तळातली एक कॅसेट काढून दिली. "घरी पडून हाये केव्हाची. नवी कायले आणता?" सहदेव तेव्हा पंगतीत जेवायला बसला होता. लग्न मेमध्ये ठरलं, बस्ता एप्रिलमध्ये.

आपल्याच साक्षगंधाचं मिक्सिंग दामिनीने पुढे पुढे ढकललं. हंगाम होता, लोकांचं आधी. मार्चअखेर एका दुपारी तिने दुसरी कॅसेट लावली. कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवायची तर ती आहे तितका वेळ चालवावीच लागते. ती सुरू करून दोघी जेवायला बसल्या. टीव्हीवरची बाई त्या दिवशी नर्स होती आणि नवऱ्याच्या तळघराची किल्ली शोधत होती. साक्षगंध बाविसाव्या मिनिटाला संपलं, हे दामिनीच्या लक्षात आलं नाही.

"वो दामिनी," अकीला म्हणाली. ती टीव्हीकडे पाहत नव्हती. "ये कौन है?"

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका घराचं दार होतं. वर आंब्याच्या पानांचं तोरण. दारातून एक नवी नवरी बाहेर येत होती, हातात चहाची ताटली, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा. उंबऱ्यावर थांबली, समोर पाहून हसली.

"पुन्हा," कॅमेऱ्यामागून एक आवाज म्हणाला.

चित्र तुटलं. पुन्हा दार, पुन्हा ती, पुन्हा ताटली.

"पुन्हा. उजवा पाय आधी."

"पुन्हा. हसणं डोळ्यांपर्यंत येऊ दे."

आवाज चढलेला नव्हता. सासुरवाडीला आलेला जावई बोलतो तितका मऊ. दामिनी तो आवाज रोज साडेआठला ऐकत होती.

सात वेळा ती बाई दारातून बाहेर आली. सगळं मिळून तीन मिनिटंही नव्हतं. सातव्यांदा ती छान हसली, आणि हसून झाल्यावर तिची नजर कॅमेऱ्याच्या वर गेली, झालं का, असं विचारणारी. मग पडदा निळा झाला.

"चांगली दिसते बिचारी," अकीला म्हणाली, पण तिच्या आवाजात काही थट्टा नव्हती.

दामिनीने टीव्ही बंद केला. कॅसेट मागे नेली आणि पुन्हा चालवली. या वेळी तिने बाईकडे पाहिलं नाही. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळे आकडे होते, ते पाहिले. लोक ते आकडे पाहत नाहीत. मिक्सिंगवाली आधी तेच पाहते, कोणता तुकडा कुठे जोडायचा ते त्यावरूनच कळतं. एकोणीस नोव्हेंबर दोन हजार तीन. पहिल्यांदा ती दारातून आली तेव्हा एक वाजून बारा मिनिटं. दुसऱ्यांदा दीड. तिसऱ्यांदा दोन वाजून पाच. सातव्यांदा चार सत्तेचाळीस.

साडेतीन तास. दाराची सावली सरकत सरकत तिच्या अर्ध्या तोंडावर आली होती. पहिल्या वेळी कपांतून वाफ निघत होती. शेवटच्या वेळी चहावर जाड साय धरलेली दिसत होती, आणि ताटली धरलेली बोटं पांढरी पडली होती.

"बहन होगी उसकी," अकीला म्हणाली.

"त्याले बहीण नाही."

"तो फिर?"

दामिनीने कॅसेट काढून खणात ठेवली. अकीलाने तिच्या डब्याचं झाकण लावून दिलं.

संध्याकाळी काळीपिवळी जीपमधून उतरून ती घरी पोचली तेव्हा सत्यभामा चुलीपुढे बसली होती आणि पंजाबराव दाराबाहेर बाजेवर. दामिनीने हातपायही धुतले नाहीत.

"माय, सहदेवचं पहिलं लग्न झालं होतं का?"

सत्यभामाने परातीतलं पीठ उगाच पुन्हा मळलं. "झालं होतं," ती म्हणाली. "ती वारली."

"कायनं?"

"तापानं," सत्यभामा म्हणाली.

"काविळीनं," बाजेवरून पंजाबराव म्हणाले.

दोघं एकाच वेळी बोलली. आतल्या खोलीतली शिवमच्या बायकोची बांगड्यांची किणकिण थांबली.

"न्हावी ताप म्हणे," पंजाबराव शेवटी म्हणाले. ते आत आले नाहीत, अंधारातूनच बोलले. "पानठेल्यावाला कावीळ म्हणे."

"मंग तिसऱ्याले इचारायचं होतं."

"तिसरा अजून तिसरंच बोलला असता. त्या गावात चौदा पोट्टे बिनलग्नाचे बसून हायेत, बाई. शेतीवाल्या गावाले आता कोण पोरगी देते? एकाचं वाईट सांगतलं तं बाकीच्या तेराईलेबी कोणी देत नाई मंग. ते कोणी बोलत नाईत. अन मीबी जास्त खोदलं नाई."

"काहून?"

"तुले तेहतीस सरून राहिले," ते म्हणाले.

म्हणजे चौकशी फसली नव्हती. चौकशी बरोबर झाली होती. फक्त तिला सांगितली नव्हती. दामिनीला रडू यायला हवं होतं, पण तिला त्या न्हाव्याच्या दुकानातला आपला बाप दिसत होता. टोपी हातात घेऊन बसलेला, पुढचा प्रश्न गिळणारा.

साडेआठला फोन वाजला. तिने उचलला. "आज आवाज वेगळा आहे," सहदेव म्हणाला. ती म्हणाली, सर्दी झाली. "गरम पाणी पी," तो म्हणाला. "आणि उद्या आवाज ठीक करून ठेव."

बस्त्याच्या दिवशी दोन्हीकडची माणसं अमरावतीला आली. वऱ्हाडात बस्ता म्हणजे लग्नाच्या सगळ्या कपड्यांची खरेदी, दोन्ही घरं एकाच दुकानात गादीवर बसून करतात. शेवटी दुकानदार सगळं एका चादरीत बांधतो, वर हळदीकुंकू लावतो. ती गाठ बसली की लग्न झाल्यासारखंच. त्यानंतर मोडलेलं लग्न कोणी पाहिलेलं नव्हतं.

कापडाचं दुकान 'मिस्बाह'च्या शेजारीच होतं; तिथे जायच्या आधी दामिनीने आईला वर मिक्सिंगच्या खोलीत नेलं आणि ती तीन मिनिटं दाखवली. सत्यभामाने पदर नीट करून, सिनेमाला बसावं तसं पाहिलं.

"मंग?" ती म्हणाली.

"मंग काय, माय? सात वेळा."

"हौशी माणूस दिसते. तुह्या बापानं उभ्या जन्मात माह्याकडं सात डाव पाह्यलं नाई."

"ते आकडे पाय. साडेतीन घंटे उभं ठेवलं तिले."

"घड्याळ चुकलं असन." सत्यभामा उठली. दारात गेल्यावर वळली आणि पहिल्यांदाच लेकीकडे नीट पाहिलं. "मारलं तं नाई ना त्यानं तिले? यात मारताना दिसते का कुठं?"

"नाही."

"मंग," सत्यभामा म्हणाली, आणि पायऱ्या उतरून दुकानाकडे गेली. खाली माणिकबाई वाट पाहत उभ्या होत्या. त्या दोघींच्या हसण्याचा आवाज वर आला.

दहा मिनिटांनी सहदेव आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा डबा. डबा त्याने अकीलासमोर ठेवला. "ताई, तुम्ही जेवून या. आम्ही दोघं निघतोच आहोत."

"रोज़ा है मेरा," अकीला म्हणाली. रमजानला अजून पाच महिने होते. ती जागची हलली नाही.

सहदेवने स्टूल ओढलं आणि दामिनीच्या शेजारी बसला. "आईनं एक जुनी कॅसेट दिली होती चुकून. ती पाहिजे मले."

तिने खणातून काढून दिली. त्याने ती उलटसुलट केली.

"शेवटपर्यंत पाह्यली?"

"पाह्यली."

तो रागावला नाही. उलट खूश झाल्यासारखा वाटला. "लाव बरं."

कॉम्प्युटरमध्ये होतं ते तिने लावलं. तो थोडा पुढे वाकून पाहत होता. मास्तर वही तपासताना बसतात तसा. सातव्या वेळी त्याने बोट वर केलं. "हे. हे बरोबर आलं होतं."

"साडेतीन घंटे लागले," दामिनी म्हणाली.

"लागतात. तिले कॅमेरा कळत नव्हता. सांगावं लागे." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुले कळते. तुह्यासोबत इतका वेळ नाही लागणार."

"नाव काय होतं तिचं?"

"कोणतं? माहेरचं, का मी ठेवलेलं?" मग तो हसला. "तुह्यंबी ठरवून ठेवलं मी. बस्त्यात सांगणार होतो."

अकीलाच्या टेबलावरची कात्री थांबली होती.

"कशी गेली ती?"

"आजारी होती."

"कोणता आजार?"

सहदेवने तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, अगदी हलका. "असं नाही विचारायचं," तो म्हणाला. "पुन्हा विचार. आवाज खाली घेऊन."

आणि दामिनीने खरंच आवाज खाली घेतला. तोंड उघडलं, प्रश्नाचा पहिला शब्द हळू आवाजात बाहेरही आला, "कोणता..." तेव्हा तिला कळलं, आपण काय करतोय. त्या क्षणी तिला जितकी भीती वाटली तितकी आधी नाही, नंतरही नाही. त्याची नव्हे, स्वतःची. किती सोपं गेलं ते.

ती उठली, चप्पल घातली आणि जिना उतरली.

दुकानात पांढऱ्या गादीवर साड्यांचा ढीग झाला होता. चादर पसरलेली होती आणि दुकानदार हळदीकुंकवाची वाटी शोधत होता.

"बस्ता बांधू नका," दामिनी म्हणाली.

माणिकबाईंनी वर पाहिलं. "रंग पसंत नाई पडला का, बाई?"

"पोरगा पसंत नाई."

गादीवर सतरा माणसं होती. सगळी एकदम बोलू लागली. काय केलं त्यानं? काही बोलला का? दारू पेते का? दुसरी कोणी हाये का? दामिनी एकेका प्रश्नाला नाही म्हणत गेली, कारण खरंच नाही होतं. टेलिसिनेमात या वेळेपर्यंत बाईच्या हातात काहीतरी असतं. वर्तमानपत्राचं कात्रण, औषधाची बाटली, रक्ताचा डाग. तिच्याकडे एक बाई होती, हसत चहा आणणारी.

"मले भेव वाटते त्याचं," ती म्हणाली.

सहदेवची मावशी हसली. "लग्नाआधी सगळ्याईलेच वाटते बाई."

"सगळ्याईले वाटत असन तं सगळ्याईनंच सांगाले पाह्यजे होतं," दामिनी म्हणाली.

सहदेव दुकानाच्या दारात येऊन उभा होता. आईच्या हाताला धरून त्याने तिला उठवलं, सगळ्यांना नमस्कार केला. जाताना त्याने दामिनीकडे पाहून मान जराशी हलवली, एखाद्याचं पहिल्या वेळी बरोबर न आल्यासारखी.

पंजाबराव लेकीशी दोन महिने बोलले नाहीत. भातकुलीत ज्याने त्याने आपापलं कारण लावलं. पोरीचं बाहेर कुठंतरी आहे, पोरीला काहीतरी आजार आहे, नोकरीवाल्या पोरी अशाच. दामिनी रोज काळीपिवळीने जायची, यायची. साडेआठ वाजता फोन वाजत नसे, पण साडेआठ वाजले हे तिला घड्याळ न पाहता कळायचं. दुकानात दुपारचा टीव्ही अकीलाने आपणहून बंद ठेवला होता.

जूनमध्ये एका रविवारी मोटारसायकलवर दोन माणसं आली. दर्यापूरकडची, मुलीचा बाप आणि मामा. पोरीची सोयरीक सहदेवशी जवळजवळ ठरली होती. न्हाव्याला, पानठेल्यावाल्याला विचारून झालं होतं, आणि आधी मोडलेल्या घरी विचारावं म्हणून इथे आले होते.

"तुमची सोयरीक काहून मोडली, भाऊ?" बापाने विचारलं.

दामिनी आतल्या खोलीत होती. भिंत मातीची, मधे पडदा. पंजाबरावांनी घसा साफ केला, तो तिने ऐकला.

"पोराचं काही नाई," पंजाबराव म्हणाले. "पोरगा चांगला हाये. आमचंच जमलं नाई."

खरं सांगायचं तर आपल्याला आधीच माहीत होतं, हेही सांगावं लागलं असतं. लेकीला ते कळलं. पडदा बाजूला करून ती बाहेर आली. पाहुण्यांसमोर पोरी बसत नाहीत. तिने खुर्ची ओढली आणि बसली. जे पाहिलं ते सांगितलं. आकडे सांगितले, साय सांगितली, ताप आणि कावीळ सांगितली. मुलीचा बाप सगळं ऐकत होता, पण त्याची नजर पूर्ण वेळ पंजाबरावांवर होती. ती बोलायची थांबली तेव्हा त्याने त्यांनाच विचारलं, "भाऊ, तुमी काय म्हनता?"

पंजाबरावांनी मान खाली घातली.

"कार्डं छापाले देल्ले हायेत," मामा उठत म्हणाला, जणू तेच उत्तर होतं. मोटारसायकलपाशी दोघं बराच वेळ कुजबुजत उभे होते. त्यात एकदा मुलीच्या शाळेचं नाव दामिनीच्या कानावर पडलं. पोरगी तिथे शिकवत होती.

सोमवारी दामिनी दुकानात गेली नाही. तिने दर्यापूरची बस धरली. चौकशी बाप करतात, उत्तरं बापांनाच मिळतात आणि बापांपाशीच राहतात. हे तिला बसमध्ये सुचलं नाही, ती बसमध्ये बसली होती तीच त्यामुळे.

शाळेच्या व्हरांड्यात मुलगी आली तेव्हा तिच्या हाताला खडू लागलेला होता. बावीस-तेवीसची. दामिनीने नाव सांगताच तिचा चेहरा आवळला.

"बस्त्यातून उठल्या त्या तुमीच का?"

"मीच."

"बाबा काल म्हणत होते, तुमी पागल हाये."

"असन. तुले किती वेळ हाये?"

"दहा मिनिटं. मंग माहा गणिताचा तास हाये." ती बसली नाही, खांबाला टेकून उभी राहिली, हात छातीशी बांधून. "बोला."

दामिनी बोलू लागली. मधेच मुलीने हाताची घडी सोडली आणि बोटांवरचा खडू साडीला पुसला. घंटा झाली. पोरं धावत वर्गात गेली, कोणीतरी "बाई आल्या नाईत" म्हणून ओरडलं. मुलगी खांबापासून निघून दामिनीजवळ आली आणि बाकावर बसली.